लहान डांबरी कामांसाठी छोटा रोलर : निवड आणि निगा

डांबरीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महामार्गावर संथपणे पुढे सरकणारी अवाढव्य यंत्रे उभी राहतात. परंतु गृहनिर्माण संस्थेचे आवार, कारखान्याचे अंगण, शाळेपर्यंतचा शंभर-दोनशे मीटरचा जोडरस्ता, जलवाहिनीसाठी खणलेला चर बुजवल्यानंतरची दुरुस्ती, अशी कितीतरी लहान कामे देशभर सतत चालू असतात. आठ-दहा मजूर, एक मुकादम आणि भाड्याने आणलेली यंत्रे एवढ्या बळावर ही कामे पार पाडणारे छोटे कंत्राटदार प्रत्येक गावात आढळतात. व्यवसाय थोडा स्थिरावला की त्यांच्या मनात पहिला विचार येतो तो स्वतःच्या रोलरचा. दीड ते चार टन वजनाचा, पुढे-मागे पोलादी ड्रम असलेला आणि कंपनाची सोय असलेला छोटा रोलर हे अशा व्यावसायिकाचे बहुधा पहिलेच मोठे यंत्र असते, आणि त्यासाठी काढलेले मुदत कर्ज हे त्याचे पहिले मोठे कर्ज.

हे यंत्र घेताना सर्वसाधारणपणे किंमत, अश्वशक्ती आणि विक्रेत्याने देऊ केलेली सवलत यांचीच चर्चा होते. वास्तविक रोलरची परीक्षा होते ती डांबरमिश्रित खडीचा गरम ट्रक कामावर येऊन उभा राहिल्यानंतरच्या काही मिनिटांत. त्या वेळी यंत्र रुसले तर ट्रकमधील माल कोणासाठी थांबत नाही. तो निवतो, कडक होतो आणि अखेर टाकून द्यावा लागतो. मालाची किंमत, मजुरांचा दिवस आणि ग्राहकाचा विश्वास या तिन्ही गोष्टी एकाच दुपारी हातच्या जातात. म्हणून निवड आणि निगा या दोन्हींचा विचार या गरम मालाच्या घड्याळावर नजर ठेवूनच केला पाहिजे.

दाबाने नेमके काय साधते?

डांबरी थर म्हणजे खडी, बारीक भुकटी, डांबर आणि हवा यांचे मिश्रण होय. रोलर फिरवण्याचा हेतू पृष्ठभाग गुळगुळीत करणे एवढाच आहे असा समज सार्वत्रिक आहे. तो अपुरा आहे. खडीचे कण एकमेकांत घट्ट बसवून मधली हवा बाहेर काढणे हे रोलरचे खरे काम. दाट मिश्रणाच्या थरात काम संपताना हवेच्या पोकळ्या साधारण सात टक्क्यांच्या आसपास असाव्यात अशी अपेक्षा असते. त्या आठ टक्क्यांच्या पुढे गेल्या की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पावसाचे पाणी आत शिरू लागते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या रस्त्यांसंबंधी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मांडले गेले की, सात टक्क्यांच्या वर पोकळीच्या प्रत्येक वाढीव टक्क्यामागे थराचे आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी घटते. आपल्याकडील पाऊस आणि वाहनांचा भार पाहता हा इशारा हलका मानण्याचे कारण नाही. (ग्रामीण रस्त्यांवर वापरला जाणारा २० मिलिमीटरचा कार्पेटचा थर हा मुळातच सच्छिद्र असतो आणि त्यावर सीलकोट दिला जातो, त्याला वरील आकडे लागू होत नाहीत.)

हवा बाहेर काढण्याचे हे काम डांबर पातळ आहे तोवरच होते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या विनिर्देशांच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत याविषयी स्पष्ट मर्यादा दिल्या आहेत. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण १५० ते १६५ अंश सेल्सिअस तापमानाला तयार व्हावे, पसरताना ते १४० अंशांहून कमी नसावे आणि ९० अंशांपर्यंत निवण्यापूर्वी रोलरचे काम पूर्ण व्हावे. व्हीजी-१० साठी हीच शेवटची मर्यादा ८० अंशांची आहे. हवेचे तापमान १० अंशांच्या खाली असताना, पृष्ठभाग ओलसर असताना किंवा वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक असताना साधे डांबरी काम थांबवावे, असेही तेथे सांगितले आहे. हिमाचल किंवा काश्मीरमध्ये काम करणाऱ्यास हा नियम वर्षातील कित्येक महिने घरी बसवतो. नागपूर-जयपूरच्या उन्हाळ्यात मात्र उलट अडचण येते. थर लवकर निवत नाही, आणि घाईने जड रोलर चढवला तर मऊ माल ड्रमपुढे लाटेसारखा सरकतो.

थर जितका पातळ तितका अवधी कमी. २५ मिलिमीटरचा थर थंड जमिनीवर पसरला तर हाती मोजकी मिनिटेच असतात. थराची जाडी दुप्पट केली की अवधी दुपटीहून बराच अधिक मिळतो. लहान कामांत थर बहुधा पातळच असतात. म्हणजे ज्या कामांसाठी आपण छोटा रोलर घेतो, त्याच कामांत वेळेची ओढाताण सर्वाधिक असते.

निविदा आधी, यंत्र नंतर

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण विक्रेता ती सहसा सांगत नाही. शासकीय रस्त्यांच्या बहुतेक निविदांमध्ये डांबरी थरासाठी ८० ते १०० किलोन्यूटनचा, म्हणजे आठ ते दहा टनांचा रोलर मागितलेला असतो. तीन टनांचा रोलर कितीही आधुनिक असला तरी त्या अटीत बसत नाही. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची कामे मिळतील या अपेक्षेने छोटा रोलर घेतला आणि नंतर तेथे जुना तीनचाकी रोलर भाड्यानेच आणावा लागला, तर कर्जाचा हप्ता आणि भाडे असा दुहेरी भार पडतो.

यासाठी कोटेशन मागवण्यापूर्वी आपल्या मागील दोन-तीन वर्षांच्या कामांची यादी काढावी. त्यात खाजगी आवारे किती, शासकीय कामे किती, दुरुस्तीचे चर आणि खड्डे किती, थर किती जाडीचे, गल्ली किती रुंद, हे लिहावे. शासकीय कामांच्या जुन्या निविदांतील यंत्रसामग्रीची यादीही चाळावी. शहरांत केबल किंवा गॅसवाहिनीचे चर बुजवण्याची, पदपथांची, अंतर्गत आवारांची कामे ज्याच्याकडे नियमित आहेत त्याला छोटा रोलर फळतो. ज्याचे उत्पन्न मुख्यतः ग्रामीण रस्त्यांतून येते त्याने आठ-दहा टनी यंत्राचाच विचार करावा, अथवा छोटे यंत्र केवळ पूरक म्हणून पाहावे. तीनचाकी रोलरची ती जुनी पिढी, ज्यात कोलकात्याच्या जेसप कंपनीचे रोलर अनेकांना आठवत असतील, केवळ स्वतःच्या वजनावर काम करीत असे. आजचा छोटा रोलर वजनाची उणीव कंपनाने भरून काढतो. ती कितपत भरून निघते हे समजले म्हणजे निवड सोपी होते.

वजन, रुंदी आणि कंपन

माहितीपत्रकात एकूण वजन ठळक छापलेले असते. पण थराला जाणवतो तो ड्रमच्या प्रत्येक सेंटिमीटरवर येणारा भार. समजा यंत्राचे वजन २,६०० किलो असून ते दोन ड्रमांवर सारखे विभागले आहे आणि ड्रमची रुंदी १२० सेंटिमीटर आहे. प्रत्येक ड्रमवर १,३०० किलो, म्हणजेच प्रतिसेंटिमीटर सुमारे ११ किलो भार आला. १,६०० किलोचे व ९० सेंटिमीटर रुंदीचे यंत्र घेतले तर हा आकडा ९ च्या आसपास येतो. याउलट नऊ टनी, १६८ सेंटिमीटर रुंदीच्या दुहेरी ड्रमच्या रोलरमध्ये तो २६ च्या पुढे जातो. दोन माहितीपत्रके शेजारी ठेवून हा साधा भागाकार केला तर वजन वाढवून रुंदीही वाढवलेल्या यंत्राने प्रत्यक्षात काहीच अधिक दाब मिळत नाही, असेही कधीकधी ध्यानात येते.

रुंदीचा दुसरा परिणाम वेळेवर होतो. तीन मीटर रुंदीचा पट्टा घेऊ. दोन पट्ट्यांत १५ सेंटिमीटरचा चढाव ठेवला तर १२० सेंटिमीटरच्या ड्रमला आडवे तीन पट्टे पुरतात, ९० सेंटिमीटरच्या ड्रमला चार लागतात. प्रत्येक पट्ट्यावर सहा फेऱ्या करायच्या झाल्यास अनुक्रमे १८ आणि २४ फेऱ्या होतात. वीस मीटर लांबीच्या तुकड्यावर ताशी चार किलोमीटर वेगाने पहिल्यास सुमारे साडेपाच मिनिटे लागतात, दुसऱ्यास सात मिनिटांहून अधिक. वळण्या-थांबण्याचा वेळ यात धरलेला नाही. पातळ थराच्या बाबतीत हे दीड-दोन मिनिटांचे अंतर घट्ट बसलेला थर आणि पुढच्या पावसात उखडणारा थर यांमधले अंतर ठरू शकते. अरुंद यंत्र असेल तर एका वेळी लहान तुकडा पसरावा, एवढाच त्यावर उपाय.

आता कंपन. या वर्गातील यंत्रांत ड्रमच्या आत एक असमतोल वजन वेगाने फिरत असते आणि त्यामुळे ड्रम मिनिटाला तीन ते चार हजार वेळा थरावर आघात करतो. दोन आघातांमधील अंतर अडीच-तीन सेंटिमीटरच्या आत राहिले पाहिजे, अन्यथा पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. मिनिटाला ३,६०० आघात, म्हणजे सेकंदाला ६०, आणि ताशी पाच किलोमीटर वेग असेल तर हे अंतर सुमारे २.३ सेंटिमीटर येते. चालकाने घाईने वेग आठ किलोमीटरवर नेला की ते ३.७ होते. वर उल्लेखिलेले विनिर्देशही रोलरचा वेग ताशी पाच किलोमीटरहून अधिक नसावा असेच सांगतात. आपल्या चालकास इतर काही सांगितले नाही तरी चालेल, हा एक आकडा मात्र अवश्य सांगावा.

कंपनाची ताकद दर्शवणारा दुसरा आकडा म्हणजे ड्रम किती उसळतो, त्याची उंची. डांबरासाठी ती कमी आणि आघातांची संख्या जास्त असलेली यंत्रे योग्य असतात. मुरूम-मातीसाठी याच्या उलट. मातीच्या कामाचा रोलर डांबरावर चालवला तर पातळ थरातील खडी फुटते आणि फुटलेल्या खडीच्या नव्या पृष्ठभागांना डांबराचा लेप नसतो. २५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ थरावर तर कंपन बंद ठेवून केवळ वजनावरच रोलर फिरवावा. जुन्या वाड्यांच्या गल्लीत, भिंतीलगत अथवा उथळ जलवाहिनीवरही कंपनाचा मोह टाळलेला बरा. तडे गेलेल्या भिंतीची भरपाई कामाच्या बिलाहून मोठी होऊ शकते.

यंत्र प्रत्यक्ष पाहताना आणखी काही गोष्टी तपासाव्यात. दिशा बदलण्यासाठी यंत्र थांबताच कंपन आपोआप बंद होते का? ड्रमची एक बाजू भिंतीच्या किंवा कडेच्या दगडाच्या किती जवळ जाऊ शकते? चालकास बसल्या जागेवरून दोन्ही ड्रमांच्या कडा दिसतात का? उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी चौकट आणि आसनपट्टा आहे का? लहान यंत्र सुरक्षित, हा भ्रम आहे. अरुंद आणि उंच बांधणीमुळे कच्च्या कडेवर ते चटकन कलंडते. ट्रकवर चढवताना पोलादी ड्रम पोलादी फळीवरून घसरतो, म्हणून लाकडी फळ्या वापराव्यात आणि त्या वेळी यंत्राच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

चर आणि खड्डे : येथे रोलर फसतो

दुरुस्तीच्या कामात एक चूक इतकी सर्रास आढळते की तिची स्वतंत्र नोंद घेतली पाहिजे. चाळीस सेंटिमीटर रुंदीचा चर आणि शंभर सेंटिमीटर रुंदीचा ड्रम अशी जोडी असेल तर ड्रम दोन्ही बाजूंच्या जुन्या, पक्क्या पृष्ठभागावर टेकतो आणि चरातील माल पुलाखालच्या पाण्यासारखा अस्पर्श राहतो. वरून सपाट दिसते, आतून सैलच. पहिल्या पावसाळ्यात चराच्या जागी नाली तयार होते आणि लोक कंत्राटदाराच्या नावाने बोटे मोडतात. अशा ठिकाणी चरातील माल पातळ थरांत भरून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, अगदीच अडचणीची जागा असल्यास हातातील धुमसाने, दाबावा. वरचा थर कडेच्या पातळीपेक्षा किंचित उंच ठेवून शेवटी रोलर फिरवावा. दर २५ मिलिमीटर पक्क्या जाडीमागे पाच-सहा मिलिमीटर माल दबतो, असा अंदाज धरता येतो. ज्यांच्याकडे चरांचीच कामे अधिक आहेत त्यांनी तीन टनी रोलरऐवजी हाताने मागून चालवायचा, साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंदीचा लहान दुहेरी ड्रम आणि एक प्लेट कॉम्पॅक्टर एवढ्यावर व्यवसाय सुरू केला तरी भागते, आणि भांडवलही कमी अडकते.

विकत की भाड्याने?

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष किंमत, व्याजदर आणि भाडे आपापल्या गावी पडताळून पाहावे. समजा, पंधरा लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्के दराने घेतले. मासिक हप्ता सुमारे ३२,६०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास ३ लाख ९१ हजार रुपये होतो. वर्षात रोलर १२० दिवस कामावर राहिला तर प्रत्येक कामाच्या दिवसावर हप्त्याचा भार सुमारे ३,२६० रुपये येतो. तोच रोलर ८० दिवसच चालला तर हा भार ४,९०० रुपयांच्या घरात जातो. त्यात चालकाचा पगार, डिझेल, विमा, देखभाल आणि ट्रकने नेण्या-आणण्याचा खर्च मिळवावा आणि मग आपल्या गावातील दिवसाच्या भाड्याशी तुलना करावी. यंत्राच्या किमतीपेक्षा कामाच्या दिवसांची संख्याच येथे निर्णायक ठरते, हे यावरून दिसून येईल.

ही संख्या मोजताना पावसाळा विसरू नये. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर डांबरी कामे बंद असतात. चेन्नईच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ अडचणीचा. हप्ता मात्र बारा महिने येतो. कर्जाचा अर्ज करतानाच उत्पन्नाचा हा हंगामी स्वभाव शाखाधिकाऱ्यांसमोर मांडावा, म्हणजे परतफेडीचे वेळापत्रक ठरवताना त्याचा विचार करता येतो. मंजुरीनंतर, हप्ता थकल्यावर केलेल्या विनंतीपेक्षा आधी केलेल्या चर्चेचे वजन निश्चितच अधिक असते. पुरेसे तारण नसलेल्या लघुउद्योजकांसाठी २००० साली स्थापन झालेल्या पतहमी न्यासाची योजना आहे. आपले कर्ज त्यात बसू शकते का, हेही विचारावे. वर्षातून वीस-पंचवीस दिवसांचेच काम असेल तर मात्र निःसंकोचपणे भाड्याचे यंत्र वापरावे. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

स्वतःचे यंत्र सार्वजनिक रस्त्यावरून चालवत न्यायचे असल्यास परिवहन खात्याकडील नोंदणी आणि चालकाच्या परवान्यावर रोडरोलरची स्वतंत्र नोंद आवश्यक असते. ट्रॅक्टरचा परवाना आहे, तेवढा पुरे, असे धरून चालणाऱ्यास अपघातानंतर विमा कंपनीचे पत्र वाचून धक्का बसतो.

जुने यंत्र घेताना

जुना रोलर घेणे गैर नाही. पण रंगावर जाऊ नये. कोऱ्या रंगाखाली बरेच काही लपते. तासमापकावरील आकडा आणि पायाखालचे पत्रे, तरफेची मूठ, आसन यांची झीज यांचा मेळ बसतो का ते पाहावे. ड्रमवर सरळ पट्टी आडवी ठेवली असता मधे फट दिसली, तर ड्रम मध्यभागी झिजला आहे असे समजावे. असा ड्रम थराच्या मध्यावर दाबच देत नाही. ड्रम आणि सांगाडा यांमधील रबरी गाद्यांना तडे गेले आहेत का, मधल्या सांध्यात खुळखुळ आहे का, हे हात लावून पाहावे. सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे यंत्र निदान तासभर चालवून, तेल पूर्ण तापल्यावर चढावर नेणे. थंड असताना उत्साहाने धावणारा रोलर तेल तापल्यावर चढावर दमू लागला तर त्याचा हायड्रॉलिक पंप थकलेला असतो, आणि त्याची दुरुस्ती हा या यंत्रातील सर्वाधिक खर्चाचा भाग. नोंदणी झालेल्या यंत्रावर पूर्वीचे कर्ज असल्यास ते फिटल्याचा वित्तसंस्थेचा दाखला आणि परिवहन खात्याचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय विसार देऊ नये.

निगा : पाण्यापासून प्रारंभ

इंजिनाची निगा बहुतेक जण राखतात. दुर्लक्ष होते ते पाण्याच्या यंत्रणेकडे, आणि कामाच्या ऐन वेळी घात करते तीच. ड्रमवर पाण्याचा पातळ लेप असेल तरच गरम डांबर त्याला चिकटत नाही. एक नोझल बुजली की ड्रमवर तेवढा पट्टा कोरडा राहतो, त्यावर डांबर चिकटते, त्यावर खडी चिकटते आणि प्रत्येक फेऱ्यात ताज्या थराचा पापुद्रा निघू लागतो. तेव्हा माल वेगाने निवत असतो आणि चालक खाली उतरून ड्रम खरवडत बसलेला असतो.

अशा वेळी मजूर डिझेलचा बोळा ड्रमवर फिरवतात. ही सवय कठोरपणे मोडली पाहिजे. डिझेल डांबराला विरघळवते. ड्रमवरून ठिबकलेले डिझेल थरात मुरते आणि तेथील खडी काही दिवसांत सुटी होते. काही ठिकाणी त्यासाठी जुने इंजिन ऑइलही वापरतात, ते त्याहून वाईट. स्वच्छ पाणी, फारतर त्यात थोडा सौम्य साबण किंवा याच कामासाठी मिळणारे द्रावण, एवढेच वापरावे. पाणी अतिही नको, कारण वाहणारे पाणी थराला अकाली थंड करते.

कूपनलिकेचे जड पाणी ज्या भागांत वापरावे लागते, तेथे क्षारांमुळे नोझल लवकर बुजतात. राजस्थानातील किंवा मराठवाड्यातील वाचकांना याचा अनुभव असेल. टाकी भरताना तोंडावर बारीक कापडी गाळणी लावावी, यंत्रणेतील गाळण्या दररोज धुवाव्यात आणि बुजलेली नोझल तारेने कोरू नये. भोक मोठे होऊन फवारा बिघडतो. ती विनेगरच्या पाण्यात भिजत ठेवावी आणि तोपर्यंत दुसरी लावावी. चार जादा नोझल आणि एक जादा गाळणी चालकाच्या पेटीत नेहमी असावी. त्यांची किंमत ट्रकभर मालापुढे नगण्य आहे. ड्रमला टेकून असणाऱ्या खरवडपट्ट्या झिजल्या वा वाकल्या असतील तर त्याही वेळेवर बदलाव्यात.

दररोज काम सुरू करण्यापूर्वी इंजिनाचे तेल, शीतक, हायड्रॉलिक तेलाची पातळी आणि हवेची गाळणी पाहणे हा दहा मिनिटांचा पाठ आहे. इंजिनाचे तेल नव्या यंत्रात पहिल्यांदा साधारण ५० तासांनी आणि पुढे बहुधा २५० तासांनी बदलावे लागते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जे अंतर दिले असेल ते प्रमाण मानावे. हायड्रॉलिक तेलाच्या बाबतीत स्वच्छता हेच सर्वस्व. धुळीच्या कामावर, उघड्या डब्यातून आणि मळक्या नरसाळ्यातून ओतलेले तेल पंपाचे आयुष्य खाते. नळीचा सांधा ओलसर दिसला तर त्याच संध्याकाळी त्याकडे पाहावे. गरम थरावर गळलेले हायड्रॉलिक तेलही डिझेलइतकेच घातक असते, आणि ग्राहकाला तो काळा ओघळ पुढे वर्षभर दिसत राहतो.

यंत्र उभे असताना कंपन चालू ठेवू नये. थरात खळगा पडतोच, शिवाय ड्रममधील बेअरिंगवर विनाकारण मार बसतो. कडक काँक्रीटवर कंपन चालू करून यंत्र तपासून दाखवणारे विक्रेते असतात. त्यांना तेथेच थांबवावे. ताज्या, गरम थरावर रोलर उभा करून चहाला जाणे हाही तसाच प्रकार. ड्रमच्या भाराने जो खड्डा पडतो तो नंतर कितीही फेऱ्या मारल्या तरी पूर्णपणे जात नाही.

पावसाळ्यापूर्वी यंत्र ठेवून देताना पाण्याची टाकी, नळ्या आणि नोझल पूर्ण रिकाम्या कराव्यात. डिझेलची टाकी मात्र भरून ठेवावी, कारण रिकाम्या टाकीत हवेतील दमटपणाचे पाणी होऊन साचते आणि ते हंगामाच्या पहिल्याच दिवशी इंजिनात जाते. बॅटरीची जोडणी काढावी, ड्रमला चिकटलेले डांबर स्वच्छ करून तेलाचा पातळ हात द्यावा आणि हंगामात पहिल्यांदा यंत्र काढताना तो हात पुसून घ्यावा. यंत्र चिखलात न ठेवता लाकडी फळ्यांवर, छपराखाली उभे करावे. दर पंधरा दिवसांनी बॅटरी जोडून इंजिन अर्धा तास चालवावे आणि रोलर पुढे-मागे हलवावा. याच काळात रबरी गाद्या, पट्टे आणि नळ्या बदलून घेतल्यास सुटे भाग सावकाश मागवता येतात. हंगामात त्याच भागासाठी आठवडाभर थांबावे लागले तर तो आठवडा कामाच्या दिवसांतून वजा होतो. तासमापकाचा आकडा, बदललेले तेल, घातलेले भाग आणि त्यांची बिले यांची एक साधी वही यंत्राबरोबर ठेवावी. पुढे मोठा रोलर घेताना हा विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाईक आधी ही वहीच मागेल.